कापूस जायच्या आधीचे पाच दिवस

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या कराडातली माणसं विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" सुरुवातीला मी सागाच्या जंगलाचं नाव घ्यायचे, उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं घ्यायचे. आता सरळ सांगते की मी कापसानं भरलेली एक खोली बघितली आणि तिनं माझी चांगली खोड मोडली. मग मंडळी गप्प होतात आणि मला पुढचं सांगायला वाव मिळतो.

मी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मेंदू हा माझा हातखंडा विषय. माझी जुनी विद्यार्थिनी सुलभा वणीला स्वमग्न मुलांसाठी केंद्र चालवते. पाटीवर ऑक्युपेशनल थेरपीला 'व्यवसायोपचार' असा भरभक्कम शब्द आहे, पण तो कुणी वाचत नाही, लोक तिला 'खेळाची डॉक्टरीण' म्हणतात. जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला, की बाई, आठवडाभर या, मुलांच्या मेंदूत काय चालतं ते आयांना सोप्या भाषेत सांगा. सोपी भाषा म्हणजे काय, मला तर तीच येते, असं म्हणून मी प्लॅस्टरचा उघडमिटीचा मेंदू टॉवेलात गुंडाळला आणि निघाले.

वणी, सोमवार

वणीत आधी नजरेत भरतात ती झाडांची पानं. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याकडेचे कडुनिंब काळे करून टाकलेत. पान बोटानं पुसलं की खाली हिरवं सापडतं. नाष्ट्याला तर्री-पोहे होते. आमच्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरतात, इथं हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं आणि मग दोन प्लेटी खाल्ल्या.

केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत झोपाळा, गाद्या, तांदळानं भरलेला टब आणि मुलं. दुसरीत दहा-बारा आया, दोन बाप आणि मी. मी मेंदूचे दोन भाग करून टेबलावर ठेवले आणि सुरू झाले. म्हटलं, सकाळी तुम्ही साडी नेसता, कमरेची गाठ पाच मिनिटं जाणवते आणि मग दिवसभर जाणवत नाही. गाठ जागेवरच असते, मेंदूनं तिची खबर घेणं सोडलेलं असतं. यातल्या पुष्कळ मुलांच्या मेंदूत हे गाळणं वेगळ्या तऱ्हेनं चालतं. फ्रॉकची शिवण दिवसभर टोचत राहते, मिक्सरचा आवाज सहन होत नाही. उलट काही खबरा त्यांना फार क्षीण पोचतात. आपले सांधे आणि स्नायू मेंदूला सारखं कळवत असतात की हात इथं आहे, पाय तिथं आहे. ते ज्यांना पुरत नाही ती मुलं उड्या मारतात, धडका देतात, अडचणीच्या जागी घुसून बसतात. हे मेंदूच्या नेमक्या कोणत्या जोडणीत घडतं ते अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही, आणि दोन मुलं कधी सारखी नसतात, हेही सांगितलं. माना डोलत होत्या, त्यामुळे मी खुशीत होते.

शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. तिशीची, डोक्यावर पदर. तिनं विचारलं, "मॅडम, घरातला कापूस गेला का माह्या पोरीचं डोक्सं काहून फिरते?"

मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली मोठ्यानं हसले. म्हटलं, बाई, कापसाचा आणि मेंदूचा काही संबंध नाही, त्या सुमारास ऊन वाढतं, त्यानं होत असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असंही वर म्हणाले. लोक हसले. ती खाली बसली ती मान वर करीना.

सगळे गेल्यावर सुलभानं मला धरलं. ही वैशाली, मारेगावच्या बाजूच्या खेड्यातून येते. मुलगी तन्वी, सात वर्षांची, पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नाही. गेल्या वर्षी कापूस विकला आणि आठवड्याच्या आत तन्वीनं भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं, चार टाके पडले. त्याच्या आदल्या वर्षी दात गेला होता. यंदाचा कापूस येत्या शुक्रवारी जायचा होता आणि वैशालीचा जीव टांगणीला लागला होता. "बाई, ती तीन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली होती," सुलभा म्हणाली. माझं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जायचं ठरवलं.

मारेगावच्या बाजूला, मंगळवार

इकडची शेतं आमच्या उसासारखी दाटीवाटीची नाहीत. तूर बहुतेक कापून झाली होती, कापूस वेचलेल्या पऱ्हाट्या सुकून उभ्या होत्या, आणि आभाळ फार मोठं वाटत होतं. वैशालीच्या घरी सासरे, त्यांना सगळे आबाजी म्हणतात, आणि सासू, म्हणजे आजी. नवरा वणीला कोळशाचा ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा येतो.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. पुढची सगळी खोली कापसानं भरलेली, खिडकीच्या चौकटीपर्यंत. इकडं भाव पाहून विकायचा म्हणून कापूस महिना-दोन महिने घरातच राहतो, आणि तो असेपर्यंत त्याची शिस्त कडक असते. आगीच्या भीतीनं देव बाहेर छपरीत आणून ठेवलेले, तिथंच दिवा. आबाजी विडी ओढायला पार गावाबाहेरच्या चिंचेखाली जातात. पाहुण्यांना मात्र कापसावर बसवतात. मी ऐटीत बसले ती कमरेपर्यंत खाली गेले. मला बाहेर काढायला सुलभा आणि आजी दोघींना हात लावावा लागला. त्यानंतर मानेला जी खाज सुटली ती चार दिवस गेली नाही. आजीनं कडुनिंबाचा पाला उकळून दिला आणि "पुण्याच्या बाईची कातडी नाजूक आहे" असा निकालही दिला. कराड पुण्यात नाही हे मी दोनदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात तन्वी आली. शेजारी पिठाची गिरणी सुरू होती म्हणून कानांवर हात, चवड्यांवर चाल, डाव्या भुवईवर टाक्यांचा वण. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. खिडकीखालच्या कोपऱ्यात कापसात एक खळगा होता, त्यात ती पाय सोडून शिरली. वैशाली जवळ बसली आणि कवळ्याकवळ्यानं कापूस तिच्या अंगावर ओढून चेपू लागली, आधी मांड्यांवर, मग पोटावर, मग छातीवर. चेहरा पूर्ण मोकळा. पोर कापसात असेतो आईनं तिथून उठायचं नाही, असा तिचा स्वतःचा नियम होता.

मी घड्याळ लावून बघत होते. सातव्या मिनिटाला कानांवरचे हात सुटले. पायांची चुळबूळ थांबली, श्वास लांब झाला, आणि ती एका सुरात हलकं गुणगुणायला लागली. गिरणी चालूच होती. चारी बाजूंनी सारखा, संथ दाब. त्यानं शरीराची खबर नीट पोचते आणि अशी काही मुलं शांत होतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि ज्या बाईनं ते कुणी न शिकवता शोधून काढलं तिलाच मी हसले होते.

आबाजींच्या देखत मी म्हणाले, "वैशालीताई, काल तुमचं बरोबर होतं. मी चुकले."

ती कापूस चेपतच राहिली. म्हणाली, "तुम्ही हासल्या तं मले वाटलं, मीच येडी आहो."

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

कापूस ठेवून का घेत नाही, हा प्रश्न मी विचारला. आबाजी म्हणाले, नातीसाठी थोडा ठेवायला त्यांची ना नव्हती. पण वैशालीनं आजीच्या बाह्या वर करून दाखवल्या, कोपरापर्यंत खाजवून खाजवून फोड आलेले. शिवाय पुढं ऊन तापलं की कापसात पोर उकडून निघेल. सुलभा म्हणाली, दाबच हवा असेल तर वजनदार पांघरूण चालेल, पण शहरातून मागवायचं तर पंधरा दिवस लागतील. त्यावर आजी म्हणाल्या, "वजनच पाह्यजे ना? सरकी भरून देऊ वाकळीत."

सरकी म्हणजे कापसाचं बी. गुरांना घालायची म्हणून गोठ्याजवळ पोती होतीच. सुलभानं किती भरायची ते ठरवून दिलं आणि दोनदा बजावलं, की तोंडावर कधी घ्यायची नाही आणि पोरीला स्वतःला ढकलून देता येईल इतपतच जड ठेवायची. आजीनं चौकड्या आखून टाके घालायला घेतले, म्हणजे सरकी एका बाजूला गोळा होणार नाही. वीतभर शिवण होईपर्यंत आम्ही ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली. आमच्याकडं या दाण्यांची एवढी किंमत कुणी करत नाही, हे आमचं नुकसान.

झरी जामणीकडे, बुधवार

वाकळ व्हायला एक दिवस लागणार होता, म्हणून सुलभाबरोबर झरी जामणीकडच्या एका मुलाच्या घरी निघाले. रस्ता सागाच्या जंगलातून जातो, पानगळ सुरू झालेली. पोचलो तर घराला कुलूप, घरचे सगळे तेरवीला गेलेले. शेजारच्या म्हाताऱ्या कोलाम आदिवासी बाईनं ओंजळभर बोरं दिली, बसा म्हणाली, आणि आपल्या भाषेत सुलभाशी बरंच बोलली. सुलभाला त्यातलं निम्मं कळलं, मला काहीच नाही. बोरं आंबटगोड होती.

परतताना गाडी गरम झाली म्हणून झाडाखाली थांबलो. मान खाजतच होती. सबंध जंगल सोडून माझं लक्ष त्या एका बोटभर जागेवर होतं, आणि सुलभा काहीतरी सांगत होती ते मला धड ऐकू येत नव्हतं. मग मीच मुद्दाम एकेक आवाज मोजायला बसले. निवत्या इंजिनाची टकटक, सुलभाच्या बांगड्या, वाळक्या पानावरून काहीतरी पळालं ते, माझं घड्याळ, माझा स्वतःचा श्वास. सोळापर्यंत मोजले आणि दमले. हे सगळं आधीही होतंच, मेंदूनं ते मला न विचारता बाजूला सारलं होतं. तन्वीला असं कुणी बाजूला सारून देत नसेल तर ती कानांवर हात ठेवते यात नवल कसलं. तीस वर्षं फळ्यावर काढलेलं मला तिथं कळलं, आणि तेही खाजेमुळे.

पुन्हा मारेगावकडे, गुरुवार

दुपारी पोचलो तेव्हा अंगणात आजी हातात काठी घेऊन उभ्या होत्या आणि शेळीला शिव्या घालत होत्या. वाकळ सकाळीच पुरी झाली होती. नवी वाकळ ऊन दाखवल्याशिवाय अंगावर घ्यायची नाही, ही आजीची रीत. त्यांनी ती अंगणातल्या खाटेवर पसरली आणि आत गेल्या. सरकी हा गुरांचा आवडता खुराक. शेळीनं दोर सोडवून घेतला आणि अर्ध्या चौकड्या फाडून फस्त केल्या. जन्मभर गुरांना सरकी घातलेल्या बाईला हे सुचू नये, आणि शरीरक्रियाशास्त्राच्या प्रोफेसरलाही सुचू नये. मी हसू दाबत होते. आबाजी तर उघडच हसले.

वैशाली हसली नाही. पायरीवर बसून तिनं पदर तोंडाला लावला. कापूस उद्या जाणार होता. आजीनं ते बघितलं, काठी टाकली आणि मुकाट्यानं उरलेली वाकळ उसवायला घेतली. पण ती शुक्रवारपर्यंत होणं शक्य नव्हतं.

सुलभा म्हणाली, तोवर हात आहेत. तिनं वैशालीला शिकवलं, की खांद्यापासून मनगटापर्यंत तळव्यानं सावकाश, पक्का दाब द्यायचा. थोपटायचं नाही, गोंजारायचं नाही, हलका स्पर्श अशा मुलांना कधीकधी टोचतो. आणि दर वेळी आधी विचारायचं, "दाबू?" पोरीनं अंग काढून घेतलं तर लगेच थांबायचं. तन्वीनं दोनदा हात झटकला, तिसऱ्यांदा राहू दिला.

मग उद्याचं बोलणं निघालं. वैशालीचा भाऊ सकाळी येऊन तन्वीला मामाच्या गावी नेणार होता. दर वर्षी असंच करतात, कापूस जाताना बघून पोर रडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी परत आणतात. या वेळी मी लगेच ज्ञान पाजळलं नाही. विचारलं, परत आल्यावर ती काय करते?

"दार उघडते, पाह्यते, बाहेर जाते, पुन्हा आत येते," वैशाली म्हणाली. "धा-धा वेळा."

मी सांगितलं, की मेंदू नेहमी एक पाऊल पुढं असतो. अंधारात पायरी आहे असं धरून पाय टाकला आणि पायरी नसली तर पोटात कसा गोळा येतो? आपला तो गोळा लगेच जातो. अशा काही मुलांचा बहुतेक जात नाही, असं आता पुष्कळ संशोधकांना वाटतं. तन्वी दार उघडते तेव्हा कापूस तिथं असायला हवा असतो, आणि तो कुठं गेला हे तिनं बघितलेलं नसतं. पुढचं मला ठाऊक नव्हतं.

वैशाली पोरीच्या दंडावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "मंग उद्या इले घरीच ठेवू."

आबाजींना ते पटलं नाही. हमाल येणार, मेटाडोर येणार, पोर किंचाळणार, अख्खा गाव दारात जमणार, असं ते म्हणाले. सासऱ्यांसमोर ती आजवर कधी उलटून बोलली नव्हती, हे मला सुलभानं नंतर सांगितलं. त्या वेळी वैशाली पदर सारखा करून एवढंच म्हणाली, "आबाजी, गाव पाह्यते तं पाहू द्या. डोक्सं तिचं फुटते."

आबाजी उठले आणि चिंचेकडं विडी ओढायला निघून गेले. भावाला मात्र येऊ नको असा निरोप त्यांनीच पाठवला.

शुक्रवार

आधीच सांगते, चमत्कार वगैरे काही झाला नाही. तन्वी त्यानंतरही दोनदा डोकं आपटून बसली, हे वैशालीनं फोनवर कळवलं आहे. टाके पडले नाहीत. वाकळ आता शेळीच्या आवाक्याबाहेर, आतल्या दोरीवर असते.

मेटाडोर नऊ वाजता आली आणि तन्वी किंचाळली. आबाजींचा अंदाज बरोबर होता, माणसं जमली. कुणी म्हणालं, पोरीले बांधा, कुणी म्हणालं, मांत्रिकाले दाखवा. मी तोंड उघडणार तोच आबाजी गर्दीतून पुढं झाले. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं आणि हॉर्न वाजवशील तर याद राख, असं बजावलं. मग जमलेल्यांकडं वळून म्हणाले की बघायचं असेल तर तोंड मिटून बघा. लोकांनी खरंच तोंडं मिटली.

हमाल मोठ्या चादरींत गठ्ठे बांधत होते. एक जण गाडीत उभा राहून कापूस पायांनी तुडवत होता. वैशालीनं तन्वीच्या कवेत थोडासा कापूस दिला आणि तिला चादरीपर्यंत नेलं. टाकल्यावर म्हणाली, गेला. पुन्हा कवळा, पुन्हा गेला. पहिल्या तासात तन्वी दोनदा पळून खळग्यात शिरली, तेव्हा हमाल दुसऱ्या कोपऱ्यातून भरत राहिले. कुणी तिला उठवलं नाही. बाराच्या सुमारास ती स्वतःच कापूस उचलून नेऊ लागली. खळगा सगळ्यांत शेवटी रिकामा झाला, आणि तो तिनंच केला.

गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथं सुरू केली. मग घरात आम्ही तेवढे उरलो आणि ती खोली. केवढी मोठी होती ती. शेणानं सारवलेली जमीन, चार भिंती, बोललं तर घुमायचं.

तन्वी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. वाकळ शिवत बसलेल्या आजीची सुई थांबली. तिसऱ्या वेळी ती बाहेर आली नाही. सरळ खिडकीखालच्या भिंतीशी गेली आणि तिला कपाळ टेकवून उभी राहिली. सुलभानं माझं मनगट धरलं. एवढी वर्षं मेंदूवर बोलत आले, पण पुढच्या क्षणी त्या एवढ्याशा डोक्यात काय होणार हे मला सांगता येत नव्हतं. मला भीती वाटत होती. वैशाली धावली नाही. पोरीच्या शेजारी जाऊन भुईवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

तन्वीनं कपाळ भिंतीवरून काढलं. आईकडं वळली, तिचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले.

"दाब," ती म्हणाली.

वैशालीनं दाबलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पुसायला तिनं हात काढले नाहीत. मान न वळवता मला म्हणाली, "मॅडम, सात वर्षांत इनं मले पह्यल्यांदा काही मागतलं."